प्रतिसाद: एक्स-रे उभं राहून काढा
औलीला (उत्तराखंड) पडून घोट्याचं हाड मोडलंय, ऑपरेशन करावं का, या प्रश्नावर ‘हाड सरकलेलं नाही, मग ऑपरेशन कशाला’ हे वरचं मत अर्धंच पटतं. औलीला पडल्या पडल्या काढलेला एक्स-रे झोपवून घेतलेला असतो. घोट्याच्या आतल्या बाजूचं लिगामेंट (हाडं बांधून ठेवणारा पट्टा) तुटलंय का, ते त्यात कळत नाही. जळगावला पोचल्यावर आठवड्याभराने, डॉक्टरांना विचारून, पायावर भार देऊन मॉर्टिस व्ह्यू (पाय थोडा आत वळवून घोट्याच्या सांध्याचा एक्स-रे) काढून घ्या. फक्त बाहेरचं हाड मोडलंय आणि टॅलसच्या (नडगीखालच्या घोट्यातल्या हाडाच्या) आतल्या बाजूची फट 4 मिलिमीटरच्या आत आहे, तर आधाराचा बूट किंवा प्लॅस्टरवर साधारण 6 आठवड्यांत भागतं. फट वाढली तर ऑपरेशन करून प्लेट (हाड धरून ठेवणारी धातूची पट्टी) बसवणं टाळू नका. टॅलस 1 मिलिमीटर सरकला तरी सांध्याचा दाब थोड्या जागेवर येतो, पुढे झीज होण्याचा धोका वाढतो.

दिल्ली ते भुसावळ गाडीत पाय लोंबकळत ठेवू नका, छातीच्या वर उशीवर ठेवा. सूज उतरून कातडीला सुरकुत्या पडल्याशिवाय ऑपरेशनचा चिरा दिला तर जखम उघडू शकते. मात्र 2-3 आठवडे उलटले की हाड जागेवर बसवणं अवघड.