पेल्विसमधील गाठीसाठी त्रिमितीय मॉडेल: खर्च करावा का?

कृष्णाकाठ:
नमस्कार. माझ्या १७ वर्षांच्या पुतण्याला पेल्विसच्या (कमरेखालच्या) हाडात इविंग सार्कोमा हा हाडाचा कर्करोग असल्याचे निदान झाले असून शस्त्रक्रियेपूर्वीची केमोथेरपी चालू आहे. डॉक्टरांनी स्कॅनवरून हाडाचे त्रिमितीय मॉडेल छापून घ्यायला सुचवले आहे, परंतु हा खर्च विम्यात बसत नाही. तीच चित्रे संगणकावर फिरवून पाहता येत असताना हातात धरायच्या प्रतिकृतीने नेमका काय फरक पडतो? तो खर्च टाळल्यास मुलाच्या पायाचे नुकसान होईल का?

अस्थिवैद्य:
दादा, या आजारात आणि या जागी तो सल्ला मला योग्य वाटतो. पेल्विसचे हाड पीळदार असते, पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या आणि सायटिक नर्व्ह ही पायाची मोठी नस त्याला लागून जातात आणि खुब्याची वाटीही त्यातच असते. त्यामुळे गाठीभोवती निरोगी हाडाची पुरेशी कड ठेवायची, पण वाटी शक्य तितकी वाचवायची, हा तिढा काही मिलिमीटरांवर येऊन ठेपतो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चार अनुभवी शल्यविशारदांनी पेल्विसच्या कृत्रिम प्रतिकृतींवर, म्हणजे रक्तस्राव नाही आणि आड येणारे स्नायू नाहीत अशा स्थितीत, हाड कापले. तरीही १० मिलिमीटरची कड, ५ मिलिमीटर इकडेतिकडे चालेल अशी मुभा धरूनसुद्धा, साधण्याची शक्यता ५२ टक्केच निघाली. त्यामुळे नुसते मॉडेल मिळणार आहे, की करवत कोणत्या रेषेवरून जावी हे ठरवून देणारी, हाडावर घट्ट बसणारी जिगही मिळणार आहे, हे अवश्य विचारा. मॉडेलवर कापणीचा सराव होतो, हाड जोडायची धातूची प्लेट आधीच वाकवून ठेवता येते. पण प्रत्यक्ष अचूकता वाढवते ती जिग. मांडीच्या हाडाच्या मधोमध साधी गाठ असती, तर मी इतका आग्रह धरला नसता.

साचेकार:
मी रुग्णालयांसाठी अशी मॉडेल तयार करतो. छपाई यंत्र करते. खरे कष्ट स्कॅनच्या प्रत्येक कापावर हाड, गाठ आणि रक्तवाहिन्या वेगळ्या रंगवण्यात असतात आणि तिथे चुकलेली सीमारेषा मॉडेलमध्येही तितक्याच ठामपणे चुकीची उमटते. सीटीमध्ये हाड स्पष्ट दिसते, हाडाच्या मज्जेतील गाठीची पसरण मात्र एमआरआयमध्ये, म्हणून दोन्ही एकमेकांवर बसवावे लागतात. सीटीचे काप साधारण १ मिलिमीटरचे असावेत. ५ मिलिमीटरच्या कापांवरून पायऱ्यापायऱ्यांचे हाड निघते. जिग कशाची आहे, हेही विचारा. साधे पीएलए प्लास्टिक सुमारे ६० अंशांना मऊ पडते, तर ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, १२१ अंश किंवा त्याहून अधिक तापमान असते. त्यामुळे शस्त्रक्रियेत वापरायची जिग निर्जंतुकीकरण सोसणाऱ्या वैद्यकीय दर्जाच्या नायलॉनची किंवा टायटॅनियमची हवी.

कृष्णाकाठ:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. निदानाच्या वेळी काढलेले सीटी आणि एमआरआय आमच्याकडे आहेत. त्यांवरून आताच काम सुरू करावे का?

अस्थिवैद्य:
केवळ त्यांवरून नको. केमोथेरपीने गाठीचा हाडाबाहेरचा भाग बराच आक्रसू शकतो, त्यामुळे शस्त्रक्रियेच्या आधी होणारे नवे स्कॅन घेऊनच मॉडेल करावे. जुने स्कॅन मात्र सोबत द्या, कारण हाडात सुरुवातीला गाठ कुठवर होती, हे कापण्याची रेषा ठरवताना लागते. खर्चासाठी रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकांना आजच भेटा; मदतीच्या अर्जाला वेळ लागतो आणि शस्त्रक्रियेची तारीख त्यासाठी पुढे ढकलणे मुलाच्या हिताचे नाही.