लिनेझोलिड सुरू करण्यापूर्वी

अँटिबायोटिक आठवडाभराचेच असते, त्यामुळे नैराश्याच्या गोळीशी त्याचा संबंध येत नाही, असे अनेकदा म्हटले जाते. लिनेझोलिडच्या बाबतीत ते खरे नाही. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयरोगात महिनोन्‌महिने दिले जाणारे हे औषध सेरोटोनिन या मेंदूतील संदेशवाहक रसायनाचे विघटन करणाऱ्या विकरालाही (एन्झाइमलाही) काहीसे रोखते, तर नैराश्यावरची एस्सिटॅलोप्रॅमसारखी गोळी तेच सेरोटोनिन चेतापेशीत परत शोषले जाऊ देत नाही. दोन्ही एकत्र आल्यास, क्वचित का होईना, सेरोटोनिनचा जिवावर बेतणारा अतिरेक होतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०११ मध्येच तसा इशारा दिला होता.

कोपरीला राहणाऱ्या माझ्या मावशीला घाम, हातापायांची थरथर आणि कमालीची अस्वस्थता सुरू झाली, तेव्हा आम्ही दोन दिवस तो क्षयाचाच ताप समजलो. मनोविकारतज्ज्ञांची चिठ्ठी आम्ही संकोचापोटी छातीच्या डॉक्टरांना दाखवलीच नव्हती, आणि तिथे कोणी विचारलेही नाही.

मात्र हे वाचून कोणीही नैराश्याची गोळी परस्पर बंद करू नये. फ्लुओक्सेटिन या नैराश्याच्याच दुसऱ्या गोळीचा अंश तर शेवटच्या गोळीनंतरही सुमारे पाच आठवडे शरीरात राहतो, त्यामुळे आदल्या दिवशी ती थांबवून काहीच साधत नाही. दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी बोलूनच हा निर्णय घ्यायला हवा.