मदत हवी आहे : ग्रामोफोनच्या साउंडबॉक्सला सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब चालेल का?

मंडळी, नमस्कार. मी मालवणजवळ राहतो. आजोबांचा चावीचा ग्रामोफोन यंदा माळ्यावरून खाली काढला. चावी, स्प्रिंग ठणठणीत. मिनिटाला ७८ फेरे बरोबर भरतात, घड्याळ लावून मोजले. अडलंय ते साउंडबॉक्सपाशी, म्हणजे सुई बसते आणि आवाज निघतो त्या गोल डबीपाशी. बालगंधर्वांची तान वर चढली की नुसती फरफर. खालच्या सुरांत मात्र आवाज इतका गोड, की आई चुलीवरची आमटी सोडून ओटीवर येऊन बसली. म्हणूनच जीव अडकलाय.

साउंडबॉक्स 'एक्झिबिशन' या जातीचा आहे, सुईबरोबर थरथरणाऱ्या अभ्रकाच्या चकतीचा. उघडला तर चकतीच्या दोन्ही अंगांच्या रबरी कड्या दगड झालेल्या, नख लावलं की तुकडे पडतात. आमची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस! स्क्रू गंजून धरले होते, रात्रभर मशीनचं तेल सोडलं तेव्हा सुटले. अभ्रक शाबूत आहे. काठाला एक पापुद्रा सुटलाय, पण तो कडीखाली जातो.

कड्यांच्या जागी सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब (व्हॉल्व्हवर चढवतात ती बारीक रबरी नळी) चालेल का? आणि सुईच्या दांड्याच्या दोन स्प्रिंगांचे स्क्रू किती आवळायचे? गणपतीत सगळं घर जमतं, तोवर वाजता करायचाय.

प्रतिसाद :
ट्यूब चालते, मी वापरली आहे. टोकं सरळ कापा; ती एकमेकांवर चढायला नकोत, मध्ये फटही नको. चकती दोन कड्यांमध्ये अलगद बसली पाहिजे, दाबली गेली की आवाज घुसमटतो. दांडा चकतीपासून सोडवून मग स्प्रिंगा जुळवा. दांड्याचं टोक अभ्रकाच्या मध्यावर नुसतं टेकावं. ते चकतीला ढकलत किंवा ओढत असेल तर फरफर जाणार नाही. दोन्ही स्क्रू थोडे थोडे, सारखे फिरवा. जुळलं की दांडा चकतीला जोडणारा मधला स्क्रू लावून त्यावर मेणाचा थेंब सोडा. टोनआर्मवर, म्हणजे साउंडबॉक्स धरणाऱ्या पोकळ नळीवर, बसणारं मागचं रबरही बघा, तेही कडक झालं असणार आणि तिथून हवा गळते. आणि पोलादी सुई तबकडीच्या दर बाजूला नवी घ्या, त्यात काटकसर केली तर तबकडी खरवडली जाते.

मूळ प्रश्नकर्ता :
खूप आभार, उद्याच बसतो. मेण मेणबत्तीचं चालेल?

प्रतिसाद :
नको, ते ठिसूळ असतं, तडकतं. मधाच्या पोळ्याचं घ्या. तुमच्याकडे ते सहज मिळेल.