श्वासातला ऑक्सिजन पेशीत नेमका कोठे वापरला जातो?

प्रश्न :
माझी मुलगी दहावीला आहे. शाळेच्या प्रकल्पासाठी तिने एका थर्मासमध्ये मोड आलेली मटकी आणि दुसऱ्यात उकडून गार केलेली मटकी भरली, तोंडाशी कापसाचा बोळा बसवला आणि त्यातून तापमापी आत सोडली. रात्री दोन्हींत 26 अंश सेल्सिअस होते. सकाळी मोडांच्या मटकीत 31 झाले, दुसरीत 26च राहिले. ही उष्णता श्वसनाची, हे तिला पटले. परंतु ग्लुकोज आणि ऑक्सिजन यांचा संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड तयार होत असेल, तर ते जळणेच झाले. मग पेशी जळत कशी नाही, या तिच्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ :
मुलीने नेमक्या जागी बोट ठेवले आहे. पुस्तकातले एका ओळीचे समीकरण वाचून ऑक्सिजन थेट ग्लुकोजला जाऊन भिडतो असे वाटते. प्रत्यक्षात त्या दोघांची गाठच पडत नाही.

पेशीद्रव्यात दहा पायऱ्यांत ग्लुकोजपासून पायरुविक आम्लाचे दोन रेणू होतात. ते तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रिया, पेशीचे ऊर्जाकेंद्र) गेल्यावर प्रत्येकातून कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू सुटतो, आणि उरलेला दोन कार्बनांचा भाग क्रेब्ज चक्र नावाच्या अभिक्रियांच्या फेऱ्यात शिरल्यावर आणखी दोन सुटतात. सहाही रेणू बाहेर पडले, तरी श्वासातल्या ऑक्सिजनचा येथवर थेट संबंध आलेला नाही. उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन मुळात अन्नातला आणि पाण्यातला असतो, ही गोष्ट शाळेत आवर्जून सांगायला हवी असे मला मनापासून वाटते.

दरम्यान काढून घेतलेले इलेक्ट्रॉन वाहक रेणू तंतुकणिकेच्या आतल्या पटलाकडे नेतात. तेथे ते एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जात अखेर ऑक्सिजनला मिळतात आणि त्याचे पाणी होते. वाटेत सुटणाऱ्या ऊर्जेने प्रोटॉन पटलापलीकडे ढकलले जातात, आणि ते परत येताना एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) तयार करणाऱ्या विकराचा एक भाग अक्षरशः गरगर फिरतो. प्रोटॉनांची ही कल्पना पीटर मिचेल यांनी 1961 मध्ये मांडली. 1978 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. ज्वलनात एकदम सुटणारी ऊर्जा येथे अशी थोडी थोडी मोकळी होते, म्हणून पेशी जळत नाही. जी एटीपीमध्ये साठवली जात नाही ती उष्णता होते, आणि तापमापीत दिसली ती हीच.

प्रतिसाद २ :
पुस्तकांत दिसणारा एका ग्लुकोजमागे 38 एटीपी हा आकडा जुन्या हिशेबाचा आहे. आता 30 ते 32 धरतात, कारण इलेक्ट्रॉन नेणाऱ्या दोन प्रकारच्या वाहकांमागे (एनएडीएच आणि एफएडीएच2) मिळणारे एटीपी पूर्वीच्या 3 आणि 2 ऐवजी सुमारे 2.5 आणि 1.5 मानले जातात. प्रयोग लांबवायचा असल्यास दोन्ही मटक्या सौम्य जंतुनाशकाने धुवाव्यात, नाहीतर उकडलेल्या मटकीत जिवाणू वाढून तीही तापेल.

प्रश्नकर्ती :
दोघांचे मनःपूर्वक आभार. कापसाऐवजी घट्ट बूच लावले असते तर काय झाले असते?

प्रतिसाद १ :
आतला ऑक्सिजन संपल्यावर इलेक्ट्रॉन घ्यायला कोणी उरत नाही, त्यामुळे पटलातली इलेक्ट्रॉनांची साखळी आणि क्रेब्ज चक्र दोन्ही अडतात. मग मटकी पायरुविक आम्लापासून अल्कोहोल बनवून वाहक मोकळे करते आणि ग्लुकोजमागे मिळणाऱ्या अवघ्या 2 एटीपीवर काही काळ तग धरते. मोडांचा डबा घट्ट लावून उबेत राहिला की उघडताना जो आंबूस वास येतो, त्यात या अल्कोहोलचाही वाटा असतो.