निळसर प्रकाश म्हणजे जास्त प्रकाश नव्हे

एचआयडी टॉर्चमध्ये (तारेऐवजी वायू आणि वाफेतल्या विजेच्या ठिणगीने उजळणारा बल्ब असलेली टॉर्च) ४३०० केल्विनचा बल्ब काढून ६००० चा टाकला की झोत लांब जातो, असं कोणीतरी लिहिलंय ते पटलं नाही. बल्ब दोन्ही ३५ वॅटचेच. केल्विनचा आकडा प्रकाशाचा रंग सांगतो (मोठा आकडा म्हणजे जास्त निळसर), ताकद नाही. गाड्यांच्या हेडलाइटला कंपनीकडून यायचा तो डी२एस प्रकारचा एचआयडी बल्ब साधारण ४३०० च्या आसपासचा असतो आणि सुमारे ३२०० ल्युमेन (एकूण प्रकाशाचं माप) देतो. रंग निळ्याकडे न्यायचा तर आतल्या धातूंच्या क्षारांचं मिश्रण बदलावं लागतं, आणि त्यात ल्युमेन घटतात. ८००० वाले तर निव्वळ शोभेचे. डोळ्यांना ते प्रखर वाटतात खरे, पण झाडाची साल आणि माती यांतला फरक ४३०० मध्येच नीट कळतो.

आणखी एक, रंग तपासायचा तर टॉर्च लावल्या लावल्या नको. सुरुवातीला बल्बमधल्या झेनॉन वायूचा निळसर प्रकाश असतो. क्षारांची वाफ झाली की खरा रंग येतो. बल्ब जुना झाला किंवा बॅलास्ट (बल्बला वीज पुरवणारं सर्किट) कमी वॅट देत असला तरी रंग निळ्याकडे सरकतो. त्यामुळे सेकंडहँड टॉर्च ‘६००० ची’ म्हणून विकायला आली, तर आधी बल्बचं वय विचारा.