आई-बाबा गुरुवारी लंडनला येताहेत, पास काढू का?

नमस्कार मंडळी,
आई-बाबा पहिल्यांदाच येताहेत, दहा दिवस. दोघांना सात दिवसांचं ट्रॅव्हलकार्ड (म्हणजे मुदतीचा पास) काढू की नुसतं ऑयस्टर (आधी पैसे भरायचे, प्रवास करू तसे कापले जातात ते कार्ड)? बाबा सत्तरीचे आहेत, म्हणून भाऊ म्हणतो ज्येष्ठांचा फुकट पास काढ.
– अमृता

अमृता,
तो पास इथे राहणाऱ्यांनाच मिळतो, पाहुण्यांना नाही. आणि ट्रॅव्हलकार्डाची घाई करू नकोस. आमच्या सासूबाईंना सात दिवसांचं काढलं होतं. त्यातले तीन दिवस त्या दुपारभर सोफ्यावर झोपल्या होत्या! ऑयस्टरवर दिवसाची कमाल मर्यादा असते. तेवढे पैसे कापले गेले की त्या दिवशीचा पुढचा प्रवास त्यातच. घरी बसल्या दिवसाचे शून्य.
एका कार्डावर दोघांना जाता येत नाही, दोन घे. भारतातलं कॉन्टॅक्टलेस कार्डही चालतं, पण बँक परदेशी व्यवहाराचे वेगळे पैसे लावू शकते.
– मेधा

मेधाताईंचं पटलं, तरी एक भर. दिवसासारखी आठवड्याचीही कमाल मर्यादा असते, पण ती सोमवार ते रविवार मोजतात, म्हणजे गुरुवारी आलेल्यांचा आठवडा मधेच तुटतो. ट्रॅव्हलकार्ड कुठल्याही वारापासून सात दिवस चालतं. रोज ट्यूबने, म्हणजे भुयारी रेल्वेने, हिंडणार असतील तर तेच बरं पडेल. भाड्यासाठी शहराचे झोन पाडलेत, मध्यभाग झोन १. फक्त हीथ्रो विमानतळ झोन ६ मध्ये आहे म्हणून १ ते ६ चं काढू नका. झोन १-२ चं ट्रॅव्हलकार्ड ऑयस्टरवरच काढून त्यात थोडे पैसे भरा, झोन २ च्या पलीकडचं भाडं त्यातून कापलं जातं.
अजून एक, स्वानुभवाने. मी स्टेशनात आत जाताना यंत्राला फोन टेकवला, बाहेर पडताना कार्ड. दोन्हीमागे खातं एकच, पण यंत्राच्या लेखी ती दोन माणसं. दोन अर्धवट प्रवास, दोन्हींना कमाल भाडं!
– नितीन

धन्यवाद! पण बाबांचे गुडघे दुखतात. ट्यूबचे जिने नकोतच.
– अमृता

मग प्रश्नच मिटला, बसने फिरव. नुसत्या बसची दिवसाची मर्यादा ट्यूबपेक्षा बरीच कमी आहे, आणि पहिल्यांदा कार्ड लावल्यापासून तासाभरात कितीही बस बदलल्या तरी भाडं एकदाच. कार्ड चढतानाच लावायचं, उतरताना नाही. रोख पैसे मात्र २०१४ पासून बसमध्ये घेत नाहीत, बाबांना सुटे जमवू देऊ नकोस. माझ्या खणात पाहुण्यांसाठी ठेवलेली दोन ऑयस्टर आहेत, थोडे पैसेही असतील त्यात. बुधवारी संध्याकाळी घेऊन जा.
– मेधा

येते ताई. बाबांना वरच्या मजल्यावरची पुढची सीट हवी आहे, गुडघे काहीही म्हणोत.
– अमृता