कॅमेरा बिघडला: दुरुस्त केलात की नवीन घेतलात?

मंडळी, सोसाट्याचा वारा आला, ट्रायपॉड आडवा झाला आणि माझा डीएसएलआर थेट लेन्सवर आपटला. चालू होतोय, पण फोटोची डावी बाजू धूसर येते, उजवी एकदम शार्प. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात आतलं काचेचं एलिमेंट सरकलंय, आणि दुरुस्तीचा आकडा ऐकून घरचे म्हणतायत टाक तो आणि मिररलेस (आत आरसा नसलेला नव्या प्रकारचा कॅमेरा) घे. माझा जीव अडकलाय त्यात. तुमच्यावर अशी वेळ आली तेव्हा काय केलंत आणि का, ते सविस्तर लिहा ना. नुसते सल्ले नकोत, अनुभव हवेत.

---

पैसे भरण्याआधी दोष लेन्सचा की बॉडीचा ते नक्की करा दादा. मी विटांच्या भिंतीसमोर कॅमेरा अगदी समांतर लावला, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र) पूर्ण उघडं ठेवलं आणि दोन वेगवेगळ्या लेन्सनी तोच फोटो काढला. मलाही लेन्सच गेली असं सांगितलं होतं, पण दोन्ही फोटो त्याच बाजूला धूसर, म्हणजे लेन्स बिचारी ठणठणीत आणि बॉडीचा माउंट (लेन्स जिथे बसते ती जागा) वाकलेला! माउंटची रिंग बदलून, सेन्सरपासूनचं अंतर जुळवून घेतलं, त्यात नवीन लेन्सच्या मानाने फारच कमी खर्च आला. तुमच्याकडे दुसऱ्या लेन्सने चारही कोपरे स्वच्छ आले तर मात्र लेन्सच.

---

माझं शटर गेलं होतं. आरसा वर अडकायचा, स्क्रीनवर एरर यायची, आणि मी इव्हेंटची कामं करते त्यामुळे कॅमेरा बंद म्हणजे काम बंद. कंपन्या मॉडेलनुसार शटरला १,००,००० किंवा २,००,००० क्लिक वगैरे रेटिंग देतात, माझे त्याच्या पुढे गेले होते. म्हणजे झीज झालेला एकच भाग होता, सेन्सर, ऑटोफोकस, बटणं सगळं उत्तम. मग पूर्ण बॉडी का बदलायची? शटर युनिट नवीन बसवलं, वर्कशॉपकडून लेखी एस्टिमेट आणि बदललेल्या भागाची वॉरंटी आधी घेतली. अजून तोच वापरते.

आणि हो, एस्टिमेटला होकार द्यायच्या आधी आपल्या मॉडेलचा तो दोष आधीच माहितीतला आहे का ते जरूर शोधा. निकॉनने डी६०० च्या बाबतीत २०१४ मध्ये वॉरंटी संपलेल्यांनाही शटर फुकट बदलून दिलं होतं, सेन्सरवर डाग पडायच्या तक्रारी होत्या म्हणून.

---

खारं पाणी असेल तर माझं स्पष्ट मत, दुरुस्तीच्या मागे लागू नका. बोटीवर लाट आली, कॅमेरा निथळत होता, मी लगेच बॅटरी आणि कार्ड काढलं, चालू करून बघितलंच नाही. तरी टेक्निशियनने उघडून भिंगाखाली दाखवलं तेव्हा कनेक्टरच्या पिनांवर हिरवट पांढरी पावडर धरली होती. तो म्हणाला साफ करून देतो, पण मीठ आत कुठेकुठे गेलंय ते सांगता येत नाही, आज चालेल आणि नंतर भलतंच काहीतरी बंद पडेल. तसंच झालं, आधी चालला, मग ऑटोफोकस गेला, मग स्क्रीन. दुसऱ्यांदा पैसे घातले नाहीत. कार्ड वाचलं, सगळे फोटो मिळाले, त्याचं खूप समाधान आहे.

---

बाबांचा जुना मेकॅनिकल फिल्म कॅमेरा. मागचं दार उघडलं तर प्रकाश अडवणाऱ्या फोमचा काळा चिकट डांबरासारखा लगदा झालेला, आणि शटरचे सावकाश स्पीड अडखळत होते. त्याच्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरला १.३५ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी लागायची, ती आता बनतच नाही, म्हणून कानाच्या मशीनची झिंक-एअर वापरतो, व्होल्टेज जवळपास तेच. कारागिराने पूर्ण उघडून साफ केला, नवीन तेल दिलं, फोम बदलला. इथे मी खर्चाचा हिशोब केलाच नाही, कारण बाबांच्या हातातला कॅमेरा नवीन कुठून आणणार? पण डिजिटलला हाच न्याय लावता येत नाही हेही खरं, तिथे एक बोर्ड गेला की तो बोर्डच लागतो.

---

माझा कॉम्पॅक्ट होता, लेन्स अर्धवट बाहेर येऊन अडकली. सरळ नवीन घेतला. भाचा स्क्रूड्रायव्हर घेऊन बसला होता त्याला थांबवलं, कारण फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये बॅटरी काढल्यावरही ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज राहू शकतो. कृपया घरी उघडू नका कोणी.

---

माझ्या बॉडीचा मेन बोर्ड गेला आणि कंपनीकडे पार्टच शिल्लक नव्हता, मॉडेल बंद होऊन बरीच वर्षं झालेली. लेन्स सगळ्या चांगल्या होत्या, म्हणून त्याच माउंटची सेकंडहँड बॉडी घेतली, शटर काउंट (आतापर्यंत किती क्लिक झालेत तो आकडा) बघून. मिररलेसला गेलात तरी जुन्या लेन्स अडॅप्टरवर चालतील का, ऑटोफोकससकट, ते दुकानात स्वतःच्या लेन्स नेऊन लावून बघा. तो खर्च धरला की दुरुस्तीचा आकडा कधीकधी बराच बरा वाटतो.